पावण्याचा गाल

१

अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षरनअक्षर खरी आहे. ज्या स्नेहलच्या बाबतीत ती घडली, तिनं स्वतः मला समोर बसवून सांगितली. म्हणजे अगदी समोर बसवून नाही, फोनवर. फोनही तिचा नव्हता, तिच्या थोरल्या दिरांचा होता आणि बोलत तेच होते. ते त्या वेळी गारगोटीच्या बाजारात वांगी निवडत होते, त्यामुळं मधेमधे "ही किडकी नगं" असंही ऐकू येत होतं. पण वांगी वगळली तर उरलेलं सगळं खरं. स्नेहलला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदा. पाठमोरी.

तर ही स्नेहल राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या तळघरात मोडलेले चेहरे मोजायची. शिक्षण इंजिनियरचं, काम म्हटलं तर शिंप्याचं. माप घ्यायचं, आखून द्यायचं, शिवणारा दुसरा. शिवणारे म्हणजे डॉक्टर अभिराम, जबड्या-चेहऱ्याचे सर्जन. मोटरसायकलवरून पडलेले, म्हशीनं शिंग मारलेले, बांधावरून भावकीचा दगड खाल्लेले, असे सगळे गाल त्यांच्याकडं यायचे. आधी सीटी स्कॅन व्हायचा. स्कॅन म्हणजे डोक्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या. स्नेहलचा कॉम्प्युटर त्या चकत्या एकावर एक रचायचा आणि पडद्यावर अख्खी कवटी उभी राहायची.

पुढची युक्ती साधी. मोडलेला गाल मुळात कसा होता हे कुणाला विचारायचं? तर दुसऱ्या गालाला. स्नेहल चेहऱ्याच्या मधोमध, नाकाच्या मुळापासून थेट मागच्या हाडापर्यंत, एक उभी भिंत घालायची. खरी नव्हे, गणितातली. मग चांगली बाजू उचलून भिंतीपलीकडं आरशासारखी उलटी टाकायची. झाला मोडक्या बाजूचा नकाशा. त्यावर बेतून टायटॅनियमची पट्टी आधीच वाकवून ठेवली की ऑपरेशनच्या टेबलावर अंदाजपंचे दाहोदरसे करावं लागत नाही.

या उलट्या टाकलेल्या अर्ध्या चेहऱ्याला कॉम्प्युटर नाव मागतो. स्नेहल आधी काहीतरी इंग्रजी नाव द्यायची. अभिराम सरांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "हे काय नाव झालं? पलीकडनं आलंय, कामापुरतं राहणार, काम झालं की जाणार. हे पावणं!" आपल्याकडं अनोळखी माणूस दिसला की तो पावणाच असतो, नाव-गाव नंतर. तेव्हापासून प्रत्येक फायलीत तेच नाव पडलं. पडद्यावर आरसा पडला की सर हात जोडून म्हणायचे, "या पावणं, बसा!"

आणि पावणं मुकाट बसायचं. ऑपरेशन झालं की स्नेहल ते पुसून टाकायची. वर्षानुवर्षं अशी किती पावणी आली आणि गेली. एकानंही कधी पाणी मागितलं नाही.

२

बाळासो इचलकरंजीचा, यंत्रमागावरचा. मागावर धोटा उडाला. धोटा म्हणजे ताण्याच्या दोऱ्यांमधून इकडून तिकडं धावणारी लाकडी मासोळी, टोकाला लोखंड. ती सुटली की बंदुकीची गोळी. बाळासोच्या डाव्या गालावर बसली आणि गालाचं हाड आत गेलं. त्याबरोबर डोळ्याची खालची बैठकही खचली.

"ताई, ह्येंना समदं दोन-दोन दिसतंय," त्याची बायको निशिगंधा सांगायला लागली. ती हळू बोलली तरी वरच्या मजल्यावर कळायचं. "मला बी दोन दिसतीस म्हणत्यात. मी म्हणलो, एकीचं निभंना, दुसरीला काय घालतासा?"

बाळासोनं हसायचा प्रयत्न केला. सूज एवढी होती की अर्धाच चेहरा हसला.

"धाग्याचं वाईट हाय, ताई," तो म्हणाला. "धागा तुटला की गाठ मारायची. आता दोन धागं दिसतात. खरा कंचा, खोटा कंचा कळंना. बोटं नुसती हवेत फिरतात. असल्या डोळ्याला मागावर कोण उभा करील?"

स्नेहलनं त्याला नीट सांगितलं. शुक्रवारी ऑपरेशन. हाड वर उचलून जागच्या जागी बसवलं की डोळाही जागेवर येईल. जास्त थांबलं तर मोडलेलं हाड आहे तिथंच जुळून जाईल, मग ते पुन्हा फोडावं लागेल आणि डोळ्याची हमी राहणार नाही. माप चुकलं तरी तेच.

"तुमचा गाल तुम्हाला परत मिळेल," ती म्हणाली.

"माजाच द्या म्हंजे झालं," बाळासो म्हणाला. "दुसऱ्याचा नगं."

३

बुधवारी सकाळी चहा पिऊन स्नेहल मापाला बसली. त्या खोलीला खिडकी नाही. एका बाजूच्या काचेपलीकडं गुंडू, स्कॅन काढणारा. त्याच्या यंत्राची घरघर दिवसभर लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी येत राहते. एसीचं पाणी बादलीत टपकतं. वरच्या मजल्यावरच्या गर्दीतलं इथं काही पोचत नाही, फक्त स्ट्रेचरची चाकं डोक्यावरून जातात.

उजवा गाल, म्हणजे चांगला. मधल्या भिंतीपासून हाडाच्या सगळ्यांत बाहेर आलेल्या टोकापर्यंत चौसष्ट पॉइंट दोन मिलिमीटर. स्नेहलनं आरसा पाडला, नाव टाकलं, पावणं येऊन बसलं. पलीकडचं माप घ्यायची खरं तर गरज नसते. जे उचललं तेच उलटं ठेवलंय, वेगळं कुठून येणार? पण तिची सवय अशी, की दोन्ही मापं घ्यायची आणि फरकाच्या चौकटीत शून्य पाहून मगच पुढं जायचं. दुकानदार गल्ल्याला नमस्कार करतो तसं.

चौकटीत आलं: शून्य पॉइंट चार.

बोट हललं असेल, म्हणून तिनं बिंदू पुन्हा ठेवले. शून्य पॉइंट सात.

भिंत तिरकी बसली असेल? तिनं भिंत काढून नव्यानं घातली. आणि घालता घालताच तिच्या लक्षात आलं की हा विचारच वेडगळ आहे. आरसा तिरका टांगला तर तोंड तिरकं दिसेल, कबूल. पण आपण आरशापासून हातभर लांब असलो तर आतला माणूस सव्वा हात लांब कसा असेल? भिंत कुठंही घाला, दोन्हीकडचं अंतर सारखंच येणार. त्याचंच नाव आरसा.

शून्य पॉइंट नऊ.

तिनं जुन्या पेशंटची फाइल उघडून तोच प्रयोग केला. शून्य. आणखी एक केला. शून्य. शेजारच्या कॉम्प्युटरवर बाळासोची फाइल नेली. एक पॉइंट एक. मग तिनं कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. "मॅडम, एकदा बंद करून चालू करून बघा."

तिनं बंद करून चालू केलं.

एक पॉइंट सहा.

४

"सर, पावणं रुंद आहे."

अभिराम सर जेवणाआधी हात धूत होते. "जेवून आलं असंल. आपल्याकडं आलेलं कुठलं पावणं बारीक होऊन गेलंय?"

"चेष्टा नाही. चांगल्या गालापेक्षा त्याची उलटी नक्कल दीड मिलिमीटरनं बाहेर आहे."

"मग? देवानं तरी दोन्ही गाल सारखे कुठं केलेत? दोन मिलिमीटर आतबाहेर सख्ख्या बायकोला कळत नाहीत."

"देवानं केलेला फरक चालतो, सर. हा आरशानं केलाय. सकाळी अर्धाही नव्हता, आता दीड झालाय. चूक असली तर मी दुरुस्त करीन. पण चूक जागेवर उभी तर राहू दे!"

सरांनी नॅपकिनला हात पुसले. माणूस वाईट नव्हता. पण शुक्रवारचं थिएटर मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं आणि त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं. "हे बघ स्नेहल, शुक्रवार गेला तर त्या माणसाचं हाड जुळून बसंल. मग तू मला कितीही चोख माप दे, मी त्याचं लोणचं घालू का? पट्टी वाकवायला मला उद्यापर्यंत आकडा पाहिजे. कुणाचाही दे."

"कुणाचाही नाही," स्नेहल म्हणाली. "बाळासोंचा देते."

हे ती जितक्या ठसक्यात म्हणाली तितकी खात्री तिला नव्हती. जिना उतरताना तिनं स्वतःला समजावलं: स्कॅन बिघडला असेल. घेताना पेशंट हलला असेल. सगळ्याला कारण असतं; ते सापडलं की आपणच आपल्याला हसतो.

५

जेवायच्या आधीच तिनं बाळासोला वॉर्डातून खाली बोलावलं. स्कॅनवर भरवसा नाही तर माणसावर मोजू, म्हणून. टेबलाशेजारी पेशंटसाठी रेक्झिनची एक जुनी खुर्ची असते. तिची गादी कुठंतरी उसवलीय. माणूस बसला की ती फुस्स करून दबते आणि उठला की हळूहळू श्वास घेतल्यासारखी वर येते. बाळासो बसला, गादी दबली. निशिगंधा दारात पदर खोचून उभी राहिली.

स्नेहलनं कॅलिपरनं, म्हणजे मापाच्या चिमट्यानं, उजवा गाल मोजला. वरच्या मांसाचा हिशेब वजा करून पडद्यावरच्या मापाशी पडताळला. चोख जुळला. म्हणजे स्कॅन खरा होता. माणूस खरा होता. गडबड फक्त भिंतीपलीकडं होती.

"अजून दोन दिसतंय?" तिनं सहज विचारलं.

"व्हय की. सकाळी दाढी कराय गेलतो. आरशात बी दोन."

"ते डोळ्यामुळं. एकाच चित्राच्या दोन नकला. दोन्ही सारखेच दिसत असतील."

बाळासोनं बायकोकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"न्हाय ओ, ताई," तो म्हणाला. "एकाचाच गाल मोडलाय."

"बगा!" निशिगंधा कडाडली. "दोन दिस झालं, असलंच बोलत्यात. मी म्हणलो, मग जो धड हाय त्याला लावून द्या मागावर, तुम्ही पडा घरात!"

सगळे हसले. स्नेहलही हसली. बाळासो उठला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून गेला. गादीनं मागं श्वास घेतला आणि ती वर आली.

मग स्नेहलनं सकाळी जपून ठेवलेलं पावण्याचं चित्र उघडलं आणि आत्ताच्या पावण्यावर ठेवलं. जागा एकच, प्रमाण एकच. गालाचं टोक बाहेर आलं होतं हे तिला माहीत होतं. पण कानाची बाजू तेवढीच मागं गेली होती, हे तिनं आत्ता पाहिलं. नाकाजवळची कडही सरकली होती.

तिनं उगीचच स्वतःची मान जराशी फिरवून पाहिली. गाल पुढं, कान मागं.

गाल वाढत नव्हता. मान वळत होती. कवटी पडद्यावर जरा तिरकी, खोलीच्या भिंतीकडं तोंड करून ठेवायची तिची पद्धत. पावणं भिंतीकडून तिच्या खुर्चीकडं वळत होतं.

६

जेवायच्या सुट्टीत गुंडू वर गेला. काचेपलीकडची घरघर थांबली. रोजचा आवाज बंद झाला की खोली एकदम मोठी होते, कोपरे लांब जातात. बादलीत एक थेंब पडला.

स्नेहलनं डबा उघडला आणि तसाच झाकला. आता या क्षणी तुम्ही-मी काय केलं असतं? मी तर जिना दोन-दोन पायऱ्या चढत राधानगरी गाठली असती. पण ती पडली हट्टी. तिनं ठरवलं, काय आहे ते पुरतं पाहायचं. आतापर्यंत तिनं नुसती हाडं पाहिली होती. हाडाला चेहरा नसतो. जगातल्या सगळ्या कवट्या एकाच आईच्या वाटतात. त्याच स्कॅनमधून कातडीही उभी करता येते. राखाडी, प्लास्टरच्या मुखवट्यासारखी, केस नाहीत, रंग नाही. तिनं ते बटण दाबलं.

उजवा अर्धा चेहरा बाळासोचा. ओळखू यावा इतका बाळासोचा. डोळा मिटलेला, स्कॅनच्या वेळी डोळे मिटायलाच सांगतात.

पलीकडचा अर्धा त्याची हुबेहूब उलटी नक्कल. तीच भुवई, तीच ओठांची कड. डोळा मिटलेला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. पापणीच्या कडेला एक बारीक सावली होती. ती मघाशी नव्हती. मग सावली रुंद झाली. पापणी वर गेली. खाली राखाडी, गुळगुळीत गोलवा होता, नुसत्या गोटीसारखा. स्कॅनमध्ये बुबुळ उमटत नाही. त्यामुळं तो डोळा कुठं बघतोय हे सांगता येत नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

स्नेहल मागं सरकली. तिचा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीला लागला.

रेक्झिनची गादी दबलेली होती. मधोमध, माणसाच्या वजनाएवढी. मघाशी ती वर आलेली तिनं ऐकली होती.

७

गुंडू जेवून आला तसा तिनं काचेच्या अलीकडूनच विचारलं, "गुंडूदादा, बाळासोंचा स्कॅन काढताना डोळे मिटले होते ना?"

"मिटल्याबिगर मी बटण दाबतो व्हय?" तो म्हणाला. "आन् डावा तर सुजून उघडतच न्हवता. का वो?"

"काही नाही."

ती परत जागेवर बसली. शेजारची खुर्ची तिनं हलवली नाही, तिच्याकडं पाहिलंही नाही. भीती वाटली का? वाटली हो. मान अवघडून गेली होती. पण भीतीच्या खाली तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती. उद्या ती आकडा देणार. त्या आकड्यावर पट्टी वाकणार. परवा बाळासोच्या गालात ती पट्टी बसणार आणि हाड तिच्या मापानं जुळणार. पावण्याचं माप दिलं तर पावणं तिथं कायमचं राहायला जाईल. बाळासोच्या अर्ध्या तोंडात. निशिगंधेच्या घरात.

"नाही जमायचं," ती मोठ्यानं म्हणाली.

प्रत्येक भागाच्या नावापुढं कॉम्प्युटरवर डोळ्याचं चिन्ह असतं. ते मिटलं की तो भाग दिसत नाही. तिनं पावण्यापुढचं चिन्ह मिटलं. आता पडद्यावर उरला फक्त मोडका गाल. चार मोठे तुकडे आणि डोळ्याखाली अंड्याच्या टरफलासारखा चुरा. आरसा नको असेल तर वाट एकच, आणि ती कुणी हौसेनं धरत नाही: फुटलेली बशी जुळवतात तसं कडेला कड लावायची. हाड कुठं मोडलंय ती रेघ दोन्ही तुकड्यांवर असते. तुकडा खोटं बोलत नाही. पण त्याला बोलतं करायला वेळ लागतो.

ती जुळवत बसली. एक तुकडा फिरवायचा, टेकवायचा, फट पाहायची, काढायचा. मधे मधे शेजारून रेक्झिन करकरायचं, कुणी बूड सरकवून बसावं तसं. ती मान न वळवता पुढचा तुकडा घ्यायची.

चहाच्या वेळी गुंडू दोन कप घेऊन आला.

"दोन कशाला?"

"पावणं बसल्यात न्हवं? काचेतनं बगितलं की." मग त्याची नजर खुर्चीवर गेली. "उठून गेलं व्हय?"

"कुणी आलं नव्हतं. तो चहा तुम्ही घ्या."

गुंडूनं दोन्ही कप परत नेले. तिला हवा असलेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाल उभा राहिला. फटी मिटल्या, चुराही बसला. तिनं माप घेतलं: बासष्ट पॉइंट पाच. चांगल्या गालापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर आत. म्हणजे हा माणूस मुळातच थोडा एकांगी होता. की आपलंच जुळवणं चुकलं? ती वॉर्डात गेली आणि निशिगंधेला सरळ विचारलं, "यांचा डावा गाल आधीपासून जरा बसका होता का?"

"बसकाच हाय की! लग्नात मुंडावळ्या बांधल्या तर डावी सारखी आत पडायची. करवली वैतागली सरळ करून करून." तिनं मोबाइलमध्ये लग्नाचा फोटो काढून दाखवला. नवरदेव ताठ बसलेला. उजवी मुंडावळी गालावरून खाली आलेली, डावी गालाच्या खोलगटात शिरलेली.

स्नेहलला तेवढं पुरे होतं. ती खाली आली, उभ्यानंच माउस हातात घेतला आणि पावण्याच्या नावावर नेला. कॉम्प्युटरनं विचारलं: 'पावणं' कायमचं काढायचं?

आपल्याकडं पावण्याला 'जा' म्हणत नाहीत. जाणाराही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. स्नेहलला हे आईनं शिकवलेलं होतं. तरी ती शेजारच्या खुर्चीकडं तोंड करून स्पष्ट म्हणाली, "पावणं, निघा आता. परत यायचं नाही."

आणि तिनं बटण दाबलं.

क्षणभर काही नाही. मग रेक्झिनच्या गादीनं लांब, सावकाश श्वास घेतला आणि ती वर आली.

८

शुक्रवारी थिएटरमध्ये स्नेहल पडद्याजवळ उभी होती. अभिराम सरांनी हाड उचललं आणि सवयीनं म्हणाले, "पावणं टाक बघू वर. पडताळून घेऊ."

"नाही, सर. पुसलं."

"पुसलं? मग मी पडताळू कशाशी?"

"तुकड्यांच्या कडांशी. कड कडेला बसली की तिथं थांबायचं. गाल आत वाटला तरी थांबायचं."

मास्कवरून सरांनी डोळे तिच्यावर रोखले. "आणि कमी पडला तर? हा माणूस जन्मभर मला शिव्या देईल."

"मला देऊ दे. आकडा माझा आहे."

सरांनी हाड बसवलं. कडा जुळल्या तेव्हा एक बारीक आवाज झाला, कडी लागल्यासारखा. तो ऐकून सर "हं" म्हणाले आणि पट्टी मागितली. पट्टी तिच्या मापाची होती. बसली.

सूज उतरली, पट्ट्या निघाल्या. तपासायच्या दिवशी अभिराम सर बोट नाचवून "किती दिसतात?" विचारत होते. बाळासो त्यांच्या बोटाकडं बघेचना. त्यानं निशिगंधेकडं हात केला. तिनं पदराच्या दशीतून एक धागा ओढला, उजेडात धरला आणि मुद्दाम मधोमध तोडला.

बाळासोनं दोन्ही टोकं चिमटीत घेतली. त्याची बोटं हवेत गेली नाहीत. गाठ बसली. त्यानं ती ओढून पाहिली, पक्की होती, आणि मग तो दोन्ही गालांनी हसला.

"चला," निशिगंधा डोळे पुसत म्हणाली, "आता एकीलाच जेवाय घाला."

तर ही अशी गोष्ट. बाळासो इचलकरंजीत मागावर आहे. स्नेहल त्याच तळघरात आहे. आरसा आता कधीच पाडत नाही, सगळे गाल तुकडे जुळवून उभे करते. सर कुरकुरतात, पण थांबतात. शपथ घेतली होती म्हणून यातलं खोटं काय तेही सांगून टाकतो. फार नाही, एकच वाक्य. तिनं 'निघा' म्हटल्यावर खुर्चीची गादी श्वास घेऊन वर आली, हे माझ्या पदरचं. तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून घातलं.

गादी वर आली नाही. अजूनही आलेली नाही. स्नेहल रोज सकाळी तिच्या शेजारी बसून कामाला लागते, आणि चहा एकच मागवते.